बोका गल्ली

४ मार्च

घुमे,

फोनवर तू "हं, बघते" म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून पत्र. पत्रात नुसतं "हं" लिहून पाठवायची तुलाही लाज वाटेल.

गेल्या महिन्यापासून आपल्या मागच्या भिंतीपाशी गाड्या येऊन थांबतात. टॅक्सी, सामान पोचवणाऱ्यांच्या दुचाक्या, एकदा तर अख्खं कपाट लादलेला टेम्पो. चालक उतरतो, भिंतीकडे बघतो, फोनकडे बघतो, पुन्हा भिंतीकडे. मग भिंतीचंच काहीतरी चुकलंय असा चेहरा करतो. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडते, "अहो, इथून रस्ता नाही!" तर एक जण मलाच म्हणाला, "मावशी, नकाशात आहे." म्हटलं, मग नकाशातूनच जा बाबा, माझ्या अंगणातून कशाला?

तुझे मामा मात्र खुशीत आहेत. निवृत्त झाल्यापासून त्यांना काही विचारायला कोणी फिरकत नव्हतं. आता भिंतीबाहेर खुर्ची टाकून बसतात, येणाऱ्या प्रत्येकाला वळसा घालून कसं जायचं ते समजावतात, आणि कोणाची बायको रुसून माहेरी गेली आहे तेही ऐकून येतात.

इतपत मी चालवून घेतलं असतं. पण काल तो टेम्पो मागे घेताना भिंतीला बसला. वरपासून खालपर्यंत तडा गेला आहे. भिंतीच्या आत काय आहे ते तुला सांगायला नको. झोका. सध्या पाळणाघरात अकरा मुलं आहेत आणि अकराही जणांना झोका एकाच वेळी हवा असतो.

आज एका चालकाचा फोन हातात घेऊन मी स्वतः बघितलं. मागच्या रस्त्यावरून भिंत फोडून, माझ्या अंगणातून, पुढच्या फाटकातून थेट मुख्य रस्त्यावर, अशी छान गल्ली काढली आहे. नाव वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. बोका गल्ली.

घुमे, आपला बोका भिंतीवरून उडी मारून स्वयंपाकघराच्या दाराशी यायचा त्या वाटेला हे नाव कोणी ठेवलं होतं? तुम्ही पाळणाघरातल्या पोरांनी. बाहेर कोणाला ते ठाऊक असायचं कारण नाही. आणि त्या पोरांपैकी नकाशाच्या कंपनीत कितीजण लागले?

काढून टाक ती गल्ली.

मामी


११ मार्च

प्रिय मामी,

पत्र मिळालं. तड्याचं वाचून काळजी वाटली. भिंत दुरुस्त होईपर्यंत झोका तिथून काढून पायऱ्यांच्या बाजूला बांधून घे. पायऱ्यांवरचा आडवा लोखंडी दांडा वजन पेलेल. मी आणि माझी आई एकदम लोंबकळलो आहोत त्याला.

नकाशातली माहिती अनेक ठिकाणांहून गोळा होते. उपग्रहाची छायाचित्रं असतात, जुने आराखडे असतात, लोकांनी पाठवलेल्या सूचना असतात. एखादं नाव नेमकं कुठून आलं हे लगेच सांगता येत नाही. मी तक्रार नेहमीच्या मार्गाने नोंदवली आहे. ओळखीने परस्पर बदल केला तर त्याची नोंद राहत नाही आणि पुढच्या वेळी तो पुसला जातो.

दरम्यान भिंतीवर बाहेरून मोठी पाटी लावावी. आणि चालक कोणता नकाशा वापरतात ते मामाला विचारायला सांग. आमच्या नकाशात रस्ते पांढरे दिसतात, समोरच्यांच्या नकाशात पिवळे. समोरचे म्हणजे दुसरी कंपनी. त्यांची इमारत आमच्या इमारतीच्या बरोबर समोर आहे. दोन्ही इमारती काचेच्या, त्यामुळे आमच्या काचेत ते दिसतात आणि त्यांच्या काचेत आम्ही.

मामाने उन्हात बसू नये.

तुझी,
घुमी


२२ मार्च

घुमे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सगळं होतं त्यात, उत्तर तेवढं नव्हतं.

लहानपणी तू माझी काचेची बरणी फोडलीस, आठवतं? मी घरात आल्यावर शांतपणे म्हणालीस, "मामी, बरणी फुटलेली आहे." कोणी फोडली, ते नाही. तुझी वाक्यं तेव्हापासून अशीच आहेत. "माहिती गोळा होते." "नाव येतं." करणारं माणूस कुठे जातं गं तुझ्या वाक्यांतून?

पाटी लावली. मामांनी स्वतः रंगवली: "येथे गल्ली नाही." आता चालक पाटीचा फोटो काढतात आणि गिऱ्हाइकाला पाठवतात, मग गिऱ्हाईक फोनवर चालकाशी भांडतं की पाटी खोटी आहे. काल एक गृहस्थ टॅक्सीत बसूनच म्हणाले, "ज्या अर्थी गल्ली नाही अशी पाटी लावायची वेळ आली, त्या अर्थी आधी गल्ली असणार. तुम्ही ती दाबलीत." चांगला शिकलेला माणूस होता, टाय होता गळ्यात.

पांढरे आणि पिवळे, दोन्ही रस्त्यांवाले येतात. मामांनी मोजलं नाही, पण पिवळे जास्त, पांढरेही बरेच, असं म्हणाले.

आणि तुझ्या त्या नेहमीच्या मार्गाने उत्तर आलं. पाळणाघराचा पत्ता दिला होतास वाटतं. "सूचनेबद्दल आभार. तपासणीअंती सदर गल्ली अस्तित्वात असल्याचे आढळले आहे." तपासणीला कोण आलं होतं? बोका? त्याला जाऊन वर्षं झाली.

झोका पायऱ्यांपाशी हलवला. आता मुलं दारातच झोके घेतात आणि आत-बाहेर करणारा प्रत्येक जण लाथ खातो. सगळ्यात धाकटी आहे ना, जिला आम्ही कशालाबाई म्हणतो, तिने विचारलं, "झोका इकडे कशाला?" म्हटलं, तिकडे गल्ली आहे म्हणून. ती जाऊन बघून आली. म्हणाली, "नाहीये." इतकं सरळ आहे बघ. चार वर्षांच्या पोरीला बघून कळतं.

आता बरणी कोणी फोडली ते सांग.

मामी


३० मार्च

मामी,

बरणी मी फोडली होती. गल्लीही मीच काढली.

नकाशा चोरणं सोपं असतं. रस्ता कोणाच्या मालकीचा नसतो, त्यामुळे एकाने दुसऱ्याचा नकाशा जसाच्या तसा उतरवला तरी "आम्हीही तोच रस्ता मोजला" म्हणून तो मोकळा होतो. म्हणून नकाशावाले मुद्दाम अधूनमधून एखादी खोटी गल्ली टाकतात. जी जमिनीवर नाही ती दुसऱ्याच्या नकाशात सापडली, तर ती मोजून आलेली नाही हे उघड आहे. ही फार जुनी युक्ती आहे, छापील नकाशांच्या काळातली.

आमच्याकडे रीत अशी की नव्याने आलेल्या प्रत्येकाने सुरुवातीलाच एक खोटी गल्ली टाकायची. दोन अटी. गल्ली आखूड आणि शेवटी बंद हवी, म्हणजे तिच्यातून कोणाला वाट दाखवली जाणार नाही. आणि तिथे खरोखर गल्ली नाही याची टाकणाऱ्याला स्वतः खात्री हवी. छायाचित्र बघून नव्हे, तिथे उभं राहून पटलेली. बाकीच्यांनी कॉलेजची मैदानं, गोदामांच्या मागच्या मोकळ्या जागा असं काहीतरी निवडलं. मी पूर्ण दुपार विचार केला. जिथे रस्ता नाही याची मला शंभर टक्के खात्री आहे अशी एकच जागा सापडली. शाळा सुटल्यापासून आई कामावरून येईपर्यंत मी झोक्यावर बसून ती भिंत बघितलेली आहे.

नावावर वेळ घालवला नाही.

मी काढलेली गल्ली मागच्या रस्त्यावरून भिंतीतून आत येत होती आणि झोक्यापाशी संपत होती. चार वर्षं तिच्यामुळे एकही माणूस वाट चुकला नाही. मग समोरच्यांनी आमचा नकाशा उचलला, त्यात ती गेली. त्यांच्या यंत्राला बंद गल्ल्या आवडत नाहीत. पुढचा रस्ता जवळ दिसला की ते स्वतःच जोडून टाकतं. त्याने ती तुझ्या फाटकातून मुख्य रस्त्याला जोडली. जवळची वाट तयार झाली आणि गाड्या यायला लागल्या.

आमच्या कंपनीने त्यांच्यावर खटला भरला आहे. बोका गल्ली हा त्यातला मुख्य पुरावा आहे. मी आमच्या प्रमुखांकडे गेले. म्हटलं, ती काढू द्या. त्या म्हणाल्या, पुराव्याला हात लावता येणार नाही, वकिलांनी कुलूप घातलं आहे. मी म्हटलं, तिथे पाळणाघर आहे. त्या म्हणाल्या, "मुलं खरी आहेत हे मला मान्य आहे, पण गल्ली न्यायप्रविष्ट आहे." त्या वाईट नाहीत. हे वाक्य बोलून झाल्यावर त्या बराच वेळ टेबलावरचं पेन सरळ करत बसल्या होत्या.

स्पर्धा असली की माल सुधारतो असं आम्हाला शिकवलं होतं. मी चार वर्षं बघते आहे. दोन काचेच्या इमारती आहेत, त्यांत शेकडो हुशार माणसं आहेत आणि सगळ्यांचे डोळे समोरच्या खिडकीत. त्यांनी काय काढलं, आपण कधी काढायचं. रस्त्याकडे बघणं हे कोणाचंच काम उरलेलं नाही. तुझी भिंत दोन्हीकडे कोणाच्याही खात्यात येत नाही. तक्रारीला उत्तर देणारा माणूस नसतो, यंत्र असतं, आणि ते नकाशाची तपासणी नकाशाशीच करतं.

यातलं काहीही फोनवर किंवा मेलवर लिहू नकोस. माझा तिथला सगळा पत्रव्यवहार वकील वाचतात.

घुमी


१६ एप्रिल

घुमे,

खरं सांगितलंस, बरं वाटलं. बरणीचं मी तेव्हाच ओळखलं होतं, तुझ्या पायाला काच लागली होती.

राग आला आहे, पण तो आता मागे ठेवते, कारण पुढे मोठं वाढून ठेवलं आहे. नगरपालिकेची नोटीस आली. आपली मागची भिंत आणि पुढचं फाटक हे "बोका गल्ली या सार्वजनिक रस्त्यावरील अतिक्रमण" आहे! महिन्याभरात स्वखर्चाने काढा, नाहीतर आम्ही पाडू. हरकत असेल तर सुनावणीला या, तारीख मागाहून कळवू. त्या भिंतीच्या आत मी तीस वर्षं लोकांची मुलं सांभाळली आणि आता कळतं की भर रस्त्यात सांभाळत होते.

मामा नगरपालिकेत गेले. तिथला मोजणी साहेब अगदी सज्जन. खुर्ची दिली, पाणी दिलं. मामा म्हणाले, "साहेब, घराचा मूळ आराखडा तुमच्याच कपाटात असेल, बघा ना." साहेब म्हणाले, "काका, कपाटं गेली. आता सगळं संगणकावर. नवा नकाशा कंपनीने फुकट दिलाय." कोणत्या कंपनीने? पिवळ्या रस्त्यांवाल्या. वर म्हणाले, "आणि तुमचं नशीब चांगलं. गल्लीत फरशी घालायचा खर्चही तीच कंपनी करणार आहे. दिवेसुद्धा लावणार." मामांनी विचारलं, एवढं प्रेम कशाला? तर म्हणे समाजकार्य.

शेजारीण अभिनंदन करून गेली. दोन्हीकडून रस्ता म्हणजे घराची किंमत वाढली म्हणे. मी चहासुद्धा विचारला नाही तिला.

दोन मुलांच्या आयांनी मुलं काढून घेतली. त्यांचं चुकलं नाही. अंगणातून रस्ता जाणार म्हटल्यावर मीही काढली असती.

आता मला एक सांग. तुझी गल्ली झोक्यापाशी बंद होती म्हणतेस. जोडली ती पिवळ्यांनी. मग पांढऱ्या रस्त्यांवाले माझ्या भिंतीपाशी कसे येतात? तुझ्या गल्लीतून तर कुठेच जाता येत नाही ना? मी अडाणी बाई, मला कळेल असं लिही.

मामी


२० एप्रिल

मामी,

तू अडाणी वगैरे काही नाहीस, हे दोघींना माहीत आहे. प्रश्न बरोबर आहे. तो मला आधी पडायला हवा होता.

मी आमचा आजचा नकाशा उघडून बघितला. आमच्याही नकाशात बोका गल्ली मुख्य रस्त्यापर्यंत जाते. ती जोडणी मी काढलेली नाही आणि आमच्या इथे दुसऱ्या कोणीही नाही. फाटकापाशी तिला एक बारीक वाक आहे, नळाच्या बाजूने. तोच वाक, त्याच ठिकाणी, समोरच्यांच्या नकाशात आहे. म्हणजे त्यांनी आमची खोटी गल्ली चोरली, ती वाढवली, आणि मग आम्ही त्यांची वाढवलेली गल्ली चोरली. न्यायालयात आम्ही ज्या चोरीबद्दल ओरडतो आहोत तो माल आमच्याही घरात आहे.

मी हे प्रमुखांना दाखवलं. त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी वकील आले.

फरशीचं कारण आता तुझ्या लक्षात आलं असेल. नगरपालिकेने गल्ली खरोखर बांधली की ती खोटी राहत नाही. खोटी नसली की चोरी नाही. एका गल्लीची फरशी खटल्यापेक्षा स्वस्त पडते. हे समोरच्यांचं समाजकार्य.

आमच्या वकिलांचा प्रस्ताव असा आहे. कंपनी तुझ्यासाठी नगरपालिकेशी भांडेल आणि भिंत वाचवेल. त्यांनाही भिंत हवीच आहे, ती उभी असेल तोवर गल्ली खोटी. बदल्यात मी लिहून द्यायचं की गल्ली मी पहिल्यापासूनच मुख्य रस्त्यापर्यंत काढली होती आणि जागा सहज निवडली होती, तिथे माझं कोणी राहत नाही. खटला संपेपर्यंत गल्ली दोन्ही नकाशांत राहील. दोन-तीन वर्षं, असं ते म्हणाले. गाड्या येत राहतील. त्यांनी भिंतीबाहेर लोखंडी खांब रोवून द्यायची तयारी दाखवली आहे.

मला यावर काही मत मांडायचं नाही. भिंत, अंगण आणि पाळणाघर राहील. कागदावरची दोन वाक्यं खोटी असतील. तुझ्या बाजूने हिशेब सोपा आहे, आणि मी सही करावी असं म्हणालीस तर करेन.

सुनावणी कधी आहे ते कळव.

घुमी


३ मे

घुमे,

भिंत पडली.

सगळी नाही, तड्यापासूनचा वरचा भाग. पाणी भरायची टाकी घेऊन मोठी गाडी आली होती, चालकाने वळवायचा प्रयत्न केला. मुलं आत झोपली होती. जिथे झोका असायचा तिथे विटा पडल्या आहेत. तू हलवायला सांगितला होतास म्हणून झोका वाचला. ते पहिल्या पत्रातलं एक वाक्य कामाचं निघालं.

चालक रडत होता. फोन पुढे करून मला पुन्हा पुन्हा दाखवत होता, "बघा ना, सरळ म्हणतोय, सरळ म्हणतोय." मी त्याला पाणी दिलं. त्याच्यावर ओरडून काय करू?

मामा खुर्चीवर नव्हते, जेवायला आत आले होते. तेव्हापासून त्यांनी खुर्ची बाहेर काढलेली नाही. म्हणतात, मी तिथे बसून गप्पा मारल्या म्हणून लोकांना तिकडे यायची सवय लागली. म्हटलं, अहो, तुम्ही कुठले एवढे रंगतदार! पण हसले नाहीत.

सहीचं मला विचारतेस. तुला जन्मात कोणाला काही विचारावंसं वाटलं नाही आणि आज नेमकं हे विचारतेस. मी "कर" म्हटलं तर तू माझ्या नावावर खोटं लिहिशील आणि "करू नको" म्हटलं तर माझ्या नावावर नोकरी घालवशील. मी दोन्हीतलं काही म्हणणार नाही. एवढंच सांगते: मला भिंत हवी आहे, पण गल्ली असलेली भिंत नको. आज विटा पडल्या. दोन-तीन वर्षांत आणखी काय पडेल ते तुझे वकील लिहून देणार आहेत का?

आणि "तिथे माझं कोणी राहत नाही" असं लिहायला सांगतात, ते वाचून तुझ्या मामांनी पत्र घडी करून परत पाकिटात घातलं.

सुनावणी तेरा तारखेला, नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर.

मामी


६ मे

मामी,

तेरा तारखेला मी तिथे असेन. मला घ्यायला कोणी येऊ नये. पडलेल्या विटा उचलू नकोस, आहेत तशा ठेव आणि मामाला त्यांचे फोटो काढायला सांग.

सही केलेली नाही.

घुमी


१९ मे

घुमे,

न जेवता गेलीस. असं कोणी करतं? आम्ही नगरपालिकेच्या जिन्यावरून खाली येईपर्यंत तू रस्त्यापलीकडे पोचलीसुद्धा होतीस. मामा हाका मारत राहिले.

तिथे बोलायला मिळालं नाही म्हणून आता लिहिते. साहेबांनी विचारलं, "तुम्ही कोण?" तू म्हणालीस, "ही गल्ली मी काढली." साहेब म्हणाले, "बाई, गल्ल्या नगरपालिका काढते." तू म्हणालीस, "ही मी काढली. खुर्चीत बसून. भिंतीपासून झोक्यापर्यंत माझी. झोक्यापासून फाटकापर्यंत पिवळ्या नकाशावाल्यांची. आणि ती आज पांढऱ्या नकाशात आहे, तर ती आमच्या कंपनीने त्यांच्याकडून उचलली आहे." आवाज जराही चढला नाही तुझा. किराणा मागावा तसं.

आणि मग काय मजा! दोन्ही कंपन्यांचे वकील, एक उजवीकडे एक डावीकडे, एकमेकांकडे न बघता बसलेले. दोघं एकदम उठले आणि एका सुरात म्हणाले, "हरकत आहे!" जन्माचे वैरी, पण त्या घटकेला सख्खे भाऊ वाटले.

साहेबांनी बोका कोण ते विचारलं. तू सांगितलंस. तो कोणत्या रंगाचा होता तेही सांगितलंस. ते कशाला सांगितलंस?

मग मामा उठले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. म्हणाले, "साहेब, मी तिथे रोज खुर्ची टाकून बसत होतो. रस्ता असता तर मला कोणीतरी उठवलं असतं." सगळे हसले, पण साहेब लिहून घेत होते.

काल निकाल आला. नोटीस मागे. कारण लिहिलं आहे: "प्रत्यक्ष पाहणीत गल्ली आढळली नाही. भिंत आढळली." पाडायची नोटीस काढायच्या आधी कोणी येऊन बघितलं असतं तर! पण जाऊ दे. गवंडी सोमवारपासून येणार आहे. गेलेल्या दोन मुलांपैकी एक परत आलं.

त्या दिवशी कशालाबाईला सोबत आणावं लागलं होतं ना, ती विचारत होती, ती काकू कशाला आली होती? म्हटलं, तिची गल्ली न्यायला.

तुझं तिथे काय झालं ते लिही. "सर्व ठीक आहे" असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

मामी


२७ जुलै

मामी,

सर्व ठीक नाही. उशीर झाला, कारण काय झालं ते पूर्ण कळल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

दोन्ही कंपन्यांनी खटला मिटवला. कोणी कोणाचं किती चोरलं हे न्यायालयात मोजलं गेलं असतं तर दोघांचंही उघडं पडलं असतं. त्यापेक्षा त्यांनी हात मिळवले. यापुढे दोघांचा मिळून एकच नकाशा असेल. रस्ते फिक्या पिवळ्या रंगाचे. दोन इमारतींच्या मध्ये वरून काचेचा पूल बांधायचं चाललं आहे. स्पर्धा होती तेव्हा रस्त्याकडे कोणी बघत नव्हतं. आता स्पर्धाही नाही, त्यामुळे बघायचं कारणच उरलं नाही. ग्राहकाला दुसरा नकाशा कुठे आहे?

नव्या रचनेत माझं पद बसत नाही असं मला कळवण्यात आलं. कोणी कळवलं ते लिहिते, कारण तू विचारशील: आमच्या प्रमुखांनी, समोर बसून, पेन सरळ करत. त्यांनी शिफारसपत्र चांगलं दिलं आहे. मी घेतलं.

कामाच्या शेवटच्या दिवशी मला एक गोष्ट करायची होती. खटला मिटला म्हणजे पुरावा सुटला, कुलूप उघडलं असणार. म्हटलं, जाता जाता गल्ली पुसून जावी. पण माझं खातं सकाळीच बंद केलं होतं. मग घरी येऊन साध्या माणसासारखी तक्रार नोंदवली, तू केली असतीस तशी. काल उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते: "सूचनेबद्दल आभार. बोका गल्ली ही दोन स्वतंत्र स्रोतांनी पडताळलेली असल्यामुळे नकाशात कायम ठेवण्यात येत आहे."

दोन स्वतंत्र स्रोत म्हणजे आम्ही आणि समोरचे.

राग कोणावर काढावा हे कळत नव्हतं. यंत्राचं काही चुकलं नव्हतं. त्याला दोन ठिकाणी एकच गोष्ट दिसली, त्याने ती खरी मानली. आपणही तसंच करतो.

आता व्यवहाराचं. गवंड्याला परत बोलावून भिंत बाहेरून दीडपट जाड करून घे आणि बाहेरच्या कोपऱ्यांना लोखंडी खांब लाव. खांब मी बघून ठेवले आहेत, येताना मापं घेऊन येते. गाड्या येत राहणार, हे धरून चाल. मी पुन्हा तक्रार करेन, त्यानंतरही करेन. दुसरी नोकरी मिळेपर्यंत माझ्याकडे वेळ आहे.

रविवारी दुपारी येते. जेवायलाच येते आहे, आणि या वेळी काही दिवस राहीन म्हणते. टॅक्सीत पत्ता मुद्दाम बोका गल्लीचा घालणार आहे. त्या गल्लीत आजवर जे आले ते सगळे चुकून आले. एक तरी माणूस तिथेच जायचं म्हणून यावं. मामाला सांग, खुर्ची बाहेर टाक.

भिंतीपाशी गाडी थांबली की चालक फोनकडे बघून म्हणेल, "पण नकाशात तर आहे."

मी म्हणेन, "माहीत आहे. इथेच उतरते."

घुमी